मधल्या सुट्टीतला खाऊ आणि कायदा

शाळेत मूल काय खाते याची काळजी भारतातील सरकारांना प्रथम वाटली ती भुकेपोटी. 1920 साली मद्रास महानगरपालिकेने थाउजंड लाइट्स भागातील आपल्या शाळेत मुलांना दुपारचे खाणे द्यायचे ठरवले. दर मुलामागे खर्च एक आण्याच्या आत ठेवायचा, अशी अट होती. पालिकेचे अध्यक्ष पी. त्यागराय चेट्टी यांच्यासमोरचा प्रश्न साधा होता. गरिबाचे मूल उपाशीपोटी शाळेत टिकत नव्हते. खाणे सुरू झाल्यावर पटावरची मुले वर्गात दिसू लागली. पुढे 1956 मध्ये के. कामराज यांनी आणि 1982 मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी हीच कल्पना तमिळनाडूभर नेली. शाळेत काय खाऊ नये, याबद्दल मात्र या सगळ्या काळात एकही नियम झाला नाही. त्याची गरज कोणाला भासलीही नव्हती.

महाराष्ट्रात पुष्कळ गावांत शाळा सकाळ-दुपार अशा दोन वेळांत भरे आणि मुले मधल्या वेळेत घरी जेवून येत. शाळा लांब असेल तर फडक्यात भाकरी-चटणी बांधून दिली जाई. शहरांत डबा आला. शाळेच्या फाटकाबाहेरचे खाणे त्याखेरीजचे होते आणि ते ऋतूप्रमाणे बदलत असे. टोपली घेऊन बसणाऱ्या बाईकडे हिवाळ्यात बोरे, आवळे व पेरू, उन्हाच्या तोंडावर तिखट-मीठ लावलेल्या कैरीच्या फोडी, आणि चिंचा, चणे-फुटाणे, भाजलेले शेंगदाणे असत. गोड म्हणजे लिमलेटची गोळी किंवा बर्फाचा गोळा. नाशिक जिल्ह्यात वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या रावळगावच्या साखर कारखान्यातून 1942 पासून गोळ्या-चॉकलेटे निघू लागली आणि ती किराणा दुकानांतल्या बरण्यांत जाऊन बसली. पण मुलाच्या हातात येणारे पैसे थोडे होते, त्यामुळे गोळ्याही थोड्याच येत.

हा खाऊ स्वच्छ होता असे म्हणता येणार नाही. गोळ्याचा बर्फ, त्यावरचा रंग, उघड्या टोपलीवरच्या माशा यांवर शिक्षक व पालक सतत रागावत आणि ते रास्तच होते. मात्र त्यांची हरकत अस्वच्छतेला होती. कायद्याचीही नजर तिथेच होती. 1954 चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा भेसळ शोधत असे. तेल शुद्ध आहे का, दुधात पाणी आहे का, रंग परवानगीचा आहे का, हे तो पाही. शुद्ध तेलात तळलेला आणि शुद्ध साखरेत घोळलेला पदार्थ त्याच्या लेखी निर्दोष होता. पुढच्या सगळ्या अडचणींचे मूळ येथे आहे. पाकीटबंद खाऊ आला तेव्हा तो स्वच्छतेच्या कसोटीवर टोपलीतल्या बोरांपेक्षा वरचढ ठरला, आणि दुसरी कसोटी कोणाकडे नव्हतीच.

1983 मध्ये मॅगीचे नूडल्स बाजारात आले. 1990 मध्ये पेप्सी आली, 1977 साली देश सोडून गेलेली कोका-कोला 1993 मध्ये परतली, 1995 मध्ये लेजचे वेफर्स आले, 1996 मध्ये मॅकडोनल्ड्सने दिल्लीत आणि मुंबईत दुकाने उघडली. मुलांच्या रोजच्या खाण्यावर मोठा परिणाम केला तो पाच रुपयांच्या पाकिटाने. बर्गरचे दुकान वाढदिवसापुरते होते, पाकीट मात्र शाळेसमोरच्या टपरीवर लटकले. ते महिनोन्‌महिने टिकते, त्याला चूल लागत नाही, उरले तर फेकावे लागत नाही. बोरे विकणाऱ्या बाईला संध्याकाळपर्यंत टोपली रिकामी करावी लागे. पाकीट विकणाऱ्याला ती घाई नाही. शिवाय त्याची जाहिरात दूरचित्रवाणीवर मुलांच्या कार्यक्रमांच्या मधोमध होत असे. बोरांची जाहिरात कोणी केली नव्हती.

याच काळात शहरांतील खासगी व अनुदानित शाळांमध्ये उपाहारगृहे वाढली. बहुतेक ठिकाणी ती कंत्राटावर चालत. कंत्राटदाराला वीस मिनिटांच्या सुट्टीत शेकडो मुलांना वाढायचे असते, जागा एका खोलीएवढी आणि भाडे शाळेला द्यायचे असते. अशा हिशेबात समोसा, बटाटावडा, ब्रेड पॅटिस, वेफर्स आणि शीतपेये बसतात. पोळी-भाजी बसत नाही, कारण पोळ्या लाटायला माणसे लागतात आणि त्या गार झाल्या की मुले घेत नाहीत. शाळांमधले खाणे बिघडले त्याचा दोष मुलांच्या जिभेवर टाकण्याची सवय आहे. जिभेपेक्षा भाड्याचा आणि वेळेचा वाटा त्यात मोठा होता.

त्याच शहरांच्या नगरपालिका शाळांत आणि खेड्यांतल्या जिल्हा परिषद शाळांत चित्र अगदी वेगळे होते. 15 ऑगस्ट 1995 रोजी केंद्राची प्राथमिक शाळांतील पोषण आहार योजना सुरू झाली, पण महाराष्ट्रासह बऱ्याच राज्यांनी शिजवलेले अन्न न देता महिन्याला तीन किलो धान्य घरी द्यायला सुरुवात केली. ते धान्य घरच्या डब्यात मिसळून जाई आणि मुलाच्या ताटात किती पडे हे कोणी सांगू शकत नसे. 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या याचिकेत आदेश दिला, की सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत किमान 300 उष्मांक आणि 8 ते 12 ग्रॅम प्रथिने असलेले शिजवलेले जेवण वर्षात किमान 200 दिवस दिले पाहिजे. त्यानंतर महाराष्ट्रातील शाळांत चुली पेटल्या आणि शालेय पोषण आहार म्हणजे खिचडी हे समीकरण घट्ट झाले. 2006 मध्ये प्राथमिकचे प्रमाण 450 उष्मांक व 12 ग्रॅम प्रथिने झाले. उच्च प्राथमिक वर्गांसाठी पुढे 700 उष्मांक व 20 ग्रॅम ठरले. आठवीनंतर मात्र ही योजना थांबते. हातात पैसे येण्याचे आणि फाटकाबाहेर जाण्याचे वय नेमके तिथे सुरू होते.

अशा रीतीने एकाच राज्यात दोन प्रकारच्या मधल्या सुट्ट्या तयार झाल्या. एकीत सरकार उष्मांक मोजून वाढत होते, दुसरीत उष्मांक कोणी मोजतच नव्हते.

निर्बंधांची भाषा प्रथम ऐकू आली तीही भेसळीच्या वाटेने. ऑगस्ट 2003 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने बाटलीबंद शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याचे जाहीर केले. संसदेने शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त समिती नेमली आणि 2004 च्या आरंभी समितीने ते निष्कर्ष ग्राह्य मानले. देशभर खळबळ उडाली, ती कीटकनाशकांमुळे. बाटलीतल्या साखरेबद्दल त्या गदारोळात फारच थोडे बोलले गेले. 2012 मध्ये त्याच संस्थेने नूडल्स, वेफर्स व तत्सम पदार्थांतील मीठ, साखर आणि ट्रान्स फॅट मोजून प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे चर्चा अशुद्धतेकडून घटकांकडे वळली.

तोवर प्रकरण न्यायालयात गेलेले होते. 2010 मध्ये उदय फाउंडेशन या संस्थेने दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. शाळांमध्ये आणि शाळांपासून 500 यार्डांच्या आत, म्हणजे सुमारे 457 मीटरपर्यंत, जंक फूड व शीतपेयांच्या विक्रीला बंदी घालावी, ही तिची मागणी होती. न्यायालयाने अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाला मार्गदर्शक तत्त्वे करायला सांगितले. प्राधिकरणाच्या तज्ज्ञांनी अंतर आणले 50 मीटरवर. महिला व बालविकास मंत्रालयाच्या कार्यगटाने 2015 मध्ये शाळेच्या वेळेत 200 मीटरची शिफारस केली. मार्च 2015 मध्ये न्यायालयाने प्रकरण निकाली काढले आणि तत्त्वांना नियमांचे रूप द्यायला सांगितले. ते नियम 4 सप्टेंबर 2020 रोजी अधिसूचित झाले, 1 जुलै 2021 पासून लागू झाले, आणि त्यांत 50 मीटर हेच अंतर राहिले. संतृप्त मेद, ट्रान्स फॅट, वरून घातलेली साखर किंवा सोडियम जास्त असलेले पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात किंवा फाटकापासून 50 मीटरांत विकता येणार नाहीत. त्यांची जाहिरात आणि फुकट नमुने शाळेत येणार नाहीत. याचिका ते अंमलबजावणी या प्रवासात दहाहून अधिक वर्षे गेली, आणि पहिलीत असलेली मुले शाळा संपवून बाहेर पडली.

या 50 मीटरांची तुलना 2003 च्या तंबाखूविषयक कायद्याशी केली पाहिजे. त्यात शैक्षणिक संस्थेपासून 100 यार्डांत, म्हणजे साधारण 91 मीटरांत विक्रीला मनाई आहे. मुंबईच्या किंवा पुण्याच्या दाट वस्तीत 50 मीटर म्हणजे शेजारची इमारत. त्यापलीकडचे दुकान नियमाबाहेर.

या इतिहासातला सर्वांत खेदाचा भाग याच अंतरांत दडलेला आहे. डिसेंबर 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र एकता हॉकर्स युनियन विरुद्ध बृहन्मुंबई महानगरपालिका या खटल्यात फेरीवाल्यांना शाळा, रुग्णालये व प्रार्थनास्थळे यांच्या 100 मीटरांत बसायला मनाई केली. मुंबई उच्च न्यायालयाने 2017 मध्ये तीच अट पुन्हा ठणकावली. कारण होते रहदारी आणि पदपथ. आहाराचा त्यात विचार नव्हता. परिणाम मात्र आहारावर झाला. चिंचा-बोरे, काकडी, शेंगदाणे विकणारी बाई फाटकापासून आधी हटली. शटर असलेले दुकान फेरीवाल्यांत मोडत नसल्याने वेफर्सची माळ लटकतच राहिली. अंमलबजावणीतही पालिकेची गाडी टोपली उचलून नेते. दुकानातल्या पाकिटावरचे सोडियम मोजायला अन्न निरीक्षक लागतो आणि असे निरीक्षक राज्यात फारच थोडे आहेत. मुलांच्या आरोग्याचा विचार केंद्रस्थानी ठेवून कोणी नियम केले असते तर क्रम उलटा लागला असता.

महाराष्ट्र सरकारने केंद्राच्या नियमांची वाट पाहिली नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. मे 2017 मध्ये राज्याने शाळांच्या उपाहारगृहांसाठी दोन याद्या काढल्या. वर्ज्य पदार्थांत वेफर्स, नूडल्स, पिझ्झा, बर्गर, शीतपेये, चॉकलेट, केक, बिस्किटे यांच्याबरोबर पाणीपुरी आणि जिलेबीही होती. शिफारस केलेल्या पदार्थांत पोळी, भाज्यांचा पुलाव, डाळ, राजमा, इडली, वडा-सांबार, उपमा, खीर, नारळपाणी, जलजिरा असे पदार्थ होते. यादीचा हेतू चांगला होता आणि पालकांनी तिचे स्वागत केले. पण पदार्थांची नावे लिहून आहार ठरत नाही. वडा-सांबारातला वडा तळलेलाच असतो. खिरीत साखर किती हे वाढणाऱ्यावर अवलंबून असते. शिवाय पुलाव आणि राजमा करायला स्वयंपाकी, गॅस, धुण्याची जागा आणि वेळ लागतो. भाडे कमी करण्याविषयी किंवा सुट्टी लांबवण्याविषयी शाळांना कोणी काही सांगितले नाही. ज्या शाळांनी महिलांच्या बचत गटांना उपाहारगृह चालवायला दिले किंवा आठवड्याचा ठरावीक पदार्थ लावून दिला, तिथे बदल टिकण्याची शक्यता जास्त होती. नुसती यादी लावलेल्या ठिकाणी तीच मुले तेच पाकीट फाटकाबाहेर घेऊ लागली.

2016 ते 2018 या काळात झालेल्या राष्ट्रीय व्यापक पोषण सर्वेक्षणाने अपुरे पोषण आणि अतिवजन हे दोन्ही प्रश्न शेजारी-शेजारी ठेवले. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे 22 टक्के खुरटलेली, किशोरवयीन मुलांपैकी सुमारे 24 टक्के कृश, आणि सुमारे 5 टक्के किशोरवयीन अतिवजनाची. अतिवजन श्रीमंत आणि शहरी घरांत अधिक दिसले. या आकड्यांवरून लठ्ठपणाचा प्रश्न किरकोळ ठरवणे चूक आहे. याच सर्वेक्षणात किशोरवयीन मुलांत मधुमेहपूर्व अवस्था आणि रक्तातील वाढलेले मेद आढळले होते, आणि बारीक दिसणारी मुलेही त्यांतून सुटलेली नव्हती. पाच रुपयांचे पाकीट खिचडी खाणाऱ्या मुलालाही परवडते, आणि पोट भरल्याचा भास देऊन ते त्याच्या ताटातली डाळ हिरावून घेते.

पाकिटावर स्पष्ट इशारा छापण्याचा प्रश्न मागेच राहिला. सप्टेंबर 2022 च्या मसुद्यात प्राधिकरणाने धोक्याच्या चिन्हाऐवजी ताऱ्यांची श्रेणी सुचवली, आणि त्यावर आहारतज्ज्ञांनी तीव्र आक्षेप घेतले. ताऱ्यांमुळे वाईट पदार्थालाही एखादा तारा मिळतो, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. मे 2025 मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले. शीतपेयांत आणि खाऊत साखर किती असते आणि रोज किती पुरेशी आहे, हे मुलांना दिसावे म्हणून. त्याच वर्षी जुलैमध्ये तेलाचे फलक आले.

राज्याच्या स्वतःच्या शाळांत त्या वर्षी वेगळी घडामोड चालू होती. नोव्हेंबर 2023 मध्ये महाराष्ट्राने पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय घेतला होता; अंडे न खाणाऱ्यांना केळे. मुलाच्या ताटात प्रथिने वाढवण्याचा यापेक्षा सोपा मार्ग नाही. जानेवारी 2025 मध्ये सरकारने अंड्यांचा निधी बंद केला आणि ज्या शाळांना अंडी द्यायची असतील त्यांनी लोकवर्गणीतून द्यावीत असे सांगितले.