शातो म्यूझार : संपादकीय तळटीप

* शातो म्यूझार : लेबनॉनमधील होशार कुटुंबाची वाइनरी. लेखकाने तिला ‘फ्रेंच’ म्हटले आहे. नावावरून तसे वाटते खरे, पण माती लेबनॉनचीच. देश फ्रेंच अमलाखाली असताना, १९३० मध्ये, गास्तों होशार यांनी ती सुरू केली. थोरले चिरंजीव सर्ज १९५९ पासून वाइन करू लागले; धाकटे रोनाल्ड विक्री पाहू लागले. काबर्ने सोव्हिन्यों, सँसो आणि कारिन्यां या द्राक्षांची त्यांची लाल वाइन तोडणीनंतर सुमारे सात वर्षांनी बाजारात येते. दर हंगामाची चव निराळी. हा दोष मानणारे जाणकारही आहेत, प्रस्तुत संपादक त्यांच्यात नाही.

म्यूझारच्या इतिहासात महत्त्वाचे आहे ते अंतर. द्राक्षमळे बेका खोऱ्यात आणि वाइनरी डोंगरापलीकडे, बैरूतच्या उत्तरेस गझीरला. १९७५ ते १९९० च्या यादवीत मधल्या रस्त्यावर आघाड्या आणि नाकी उभी राहिली. १९७६ साली वाइन झालीच नाही. १९८४ मध्ये ट्रक इतके रखडले की द्राक्षे वाटेतच आंबू लागली. घरचे गिऱ्हाईक आटल्यावर सर्ज यांनी ब्रिटनची बाजारपेठ धरली. १९७९ च्या ब्रिस्टल वाइन मेळ्यात वाइन-समीक्षक मायकेल ब्रॉडबेंट यांनी म्यूझारला उचलून धरले आणि १९८४ मध्ये, म्हणजे त्या ट्रकांच्याच वर्षी, ‘डिकँटर’ मासिकाने आपला पहिला वार्षिक सन्मान सर्ज यांना दिला. ३१ डिसेंबर २०१४ रोजी मेक्सिकोत त्यांचे निधन झाले. वाइनरी आजही होशार कुटुंबच चालवते. – संपा.