आयर्विन पूल : फुटांचा आकडा काय सांगतो?

सांगली : पावसाळा आला की जिल्ह्यातल्या मोबाईलवर एकच आकडा फिरतो, 'आयर्विनला किती फूट?' कृष्णेवरचा हा पूल सांगली शहराला सांगलीवाडीशी जोडतो. पण नदीकाठच्या गावांसाठी तो पाणी मोजायची पट्टीही आहे.

पूल कधीचा?

सांगली संस्थानच्या काळात, श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या कारकिर्दीत हा पूल झाला. १८ नोव्हेंबर १९२९ रोजी तेव्हाचे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते उद्घाटन झालं आणि त्यांचंच नाव पुलाला पडलं. त्याआधी पावसाळ्यात पलीकडं जायचं तर नावेचाच आधार. पुलामुळं सांगलीवाडीमार्गे पेठकडचा रस्ता बारमाही झाला. आता जुन्या पुलाशेजारी नवा पूल उभा आहे, पण पातळी अजून 'आयर्विन'चीच सांगितली जाते.

४० आणि ४५

इथं ४० फूट ही इशारा पातळी, तर ४५ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. २००५ आणि २०२१ मध्येही धोका पातळी ओलांडली होती.

पाणी वाढतं कशानं?

कोयना नदी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. त्यामुळं कोयना धरणाचे दरवाजे उचलले की ते पाणी पुढं सांगलीला येतं. येरळा ब्राह्मनाळजवळ मिळते. वारणा सांगलीच्या खाली, हरिपूरच्या संगमावर मिळते. वारणेला पूर असला की कृष्णेचं पाणी पुढं सरकायला अडतं आणि सांगलीत फुगवटा येतो. म्हणजे सांगलीत पाऊस उघडला, तरी पातळी चढू शकते.

आधी नाला बघा

पुराचं पाणी प्रत्येक वेळी काठ ओलांडूनच येतं असं नाही. एरवी ओढे, नाले आणि शेतातले चर पाणी नदीत सोडतात. नदी त्यांच्या तोंडापेक्षा वर चढली की तेच पाणी उलटं आत शिरतं. सांगलीत शेरीनाल्यालगतच्या सखल वस्त्यांना हा अनुभव नवा नाही. इशारा पातळी यायच्या आधीच सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट भागात पाणी येऊ लागतं.

नाल्याच्या तोंडाला झडप बसवली तर नदीचं पाणी अडतं. पण आतला पाऊस आणि सांडपाणीही तिथंच तुंबतं, ते पंपानं उपसून बाहेर टाकावं लागतं. झडपेला पंपाची जोड नसेल तर निम्मंच काम होतं.

शिवारातही तेच. ओढा तुंबला की नदीपासून लांबचा ऊसही पाण्याखाली जातो. पूर ओसरल्यावर चर गाळानं बुजलेला राहिला, तर पाण्याचा निचरा थांबतो आणि जमीन क्षारपड होत जाते.

बर्ग्यांचं काय?

पुलाजवळच्या बंधाऱ्याचे बर्गे उन्हाळ्यासाठी पाणी अडवतात. पावसाळ्याआधी ते काढायचे आणि पाऊस संपल्यावर पुन्हा घालायचे, अशी पद्धत आहे. वेळेत निघाले नाहीत तर वाहत्या पाण्याला अडथळा होतो.

आकडा कसा वाचायचा?

नुसते फूट बघून भागत नाही. पाणी चढतंय की उतरतंय, तासाला किती इंच, कोयनेचा विसर्ग किती आणि वारणा कशी आहे, हे एकत्र बघावं. कुपवाड उंचावर असल्यानं तिथं नदीचा थेट धोका कमी, पण सांगलीत कामाला जाणाऱ्यांचे रस्ते याच आकड्यावर ठरतात. नदीकाठच्यांनी ४५ ची वाट बघू नये. घराजवळचा नाला उलटा वाहू लागला की जनावरं, धान्य आणि कागदपत्रं उंचावर हलवावीत.