चोरीला गेलेल्या मेंदूचा वाद

एखाद्या घरचे लग्न थाटात पार पडावे, चारशे पाने उठावीत, आणि पुढे वर्षभर आप्तमंडळींत चर्चा चालावी ती मात्र त्या दिवशी खारट झालेल्या मठ्ठ्याची, हा अनुभव आपणांपैकी कोणालाही नवा नाही. जिलेबी उत्तम होती याबद्दल दुमत नसते. आणि जेथे दुमत नाही तेथे गप्पा रंगायच्या कशा? अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी मालिकेच्या चाहत्यांनी अशाच एका खारट मठ्ठ्यावर पन्नासहून अधिक वर्षे वाद घातला आहे, आणि तो वाद मी मोठ्या आवडीने वाचत आले आहे. मालिका म्हणजे 'स्टार ट्रेक'. वादाचा विषय एवढाच की, तिच्या एकूण ७९ भागांतील सर्वांत वाईट भाग कोणता?

ज्यांनी ही मालिका पाहिली नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी या अमेरिकन कंपनीने तिचा पहिला भाग दाखवला. जीन रॉडनबेरी हा तिचा जनक. 'एंटरप्राइज' नावाचे एक प्रचंड यान ताऱ्यांमागून तारे पालथे घालीत निघाले आहे, त्यावर कॅप्टन कर्क हा धाडसी नायक, मॅकॉय हा तापट पण मायाळू डॉक्टर, आणि स्पॉक हा टोकदार कानांचा, भावनांना थारा न देणारा, अर्धा परग्रहवासी अधिकारी. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ही मंडळी भेटत असत, तेव्हा त्या कानांची नक्कल करणारी पोरे घरोघरी निघाली होती. असो. ज्या वर्षांत अमेरिकेत काळ्या-गोऱ्यांचे रण पेटले होते आणि रशियाशी शीतयुद्ध चालू होते, त्या वर्षांत या यानावर एक काळी स्त्री, एक जपानी वंशाचा आणि एक रशियन असे अधिकारी गोऱ्या अमेरिकनांच्या बरोबरीने कामे करीत. उद्याचे जग आजच्यापेक्षा शहाणे असेल, असे या मालिकेने जणू वचनच दिले होते. पुढची सारी भांडणे त्या वचनावरून झाली आहेत.

प्रेक्षकसंख्येच्या हिशेबात मालिका कधीच फार वर नव्हती. दुसरे वर्ष चालू असतानाच ती बंद होणार अशी कुणकुण लागली आणि १९६७ च्या अखेरीस ब्यो ट्रिम्बल व तिचे पती जॉन ट्रिम्बल यांनी पत्रांची मोहीम उघडली. त्यांची युक्ती साधी होती. प्रत्येकाने स्वतः पत्र लिहायचे आणि आणखी दहाजणांना लिहायला सांगायचे. छापील नमुना पाठवायचा नाही, आपल्या शब्दांत लिहायचे. पत्रांचा असा पाऊस कंपनीने पूर्वी पाहिला नव्हता. एनबीसीने स्वतः मान्य केलेला आकडाच एक लाखाहून वर जातो. कॅलिफोर्नियातील कॅलटेक या विज्ञानसंस्थेच्या विद्यार्थ्यांनी तर जानेवारी १९६८ मध्ये कंपनीच्या कचेरीवर मोर्चा नेला. शेवटी १ मार्च १९६८ रोजी त्या रात्रीचा भाग संपताच पडद्यामागून आवाज आला की, 'स्टार ट्रेक' पुढेही चालू राहील.

येथे इतिहासाने पहिली थट्टा केली. ज्या भागानंतर ही आनंदवार्ता आली तो 'द ओमेगा ग्लोरी' हाही अत्यंत वाईट भागांच्या यादीत हमखास असतो! दूरच्या ग्रहावर अमेरिकन ध्वज निघतो, अमेरिकन राज्यघटनाही निघते, आणि कर्क ती तिथल्या लोकांना आवेशाने वाचून दाखवतो. लेखक होता प्रत्यक्ष रॉडनबेरी. पण त्या रात्री कोणाला त्याचे काय! जीव वाचलेल्या रोग्याच्या उशाशी बसून औषध कडू होते अशी तक्रार कोणी करीत नाही.

तक्रार सप्टेंबरात सुरू झाली. तिसऱ्या वर्षासाठी सोमवारी संध्याकाळी साडेसातची वेळ देण्याचे कंपनीने आधी ठरवले होते. पण त्याच दिवशी आठ वाजता 'लाफ-इन' हा तेव्हाचा सर्वांत लोकप्रिय हास्यकार्यक्रम होता, त्याला धक्का लावायला कोणी तयार होईना. तेव्हा 'स्टार ट्रेक'ला शुक्रवारी रात्री दहाच्या अडगळीत टाकण्यात आले. शुक्रवारी रात्री अमेरिकेतला तरुण घरात नसतो, आणि मालिकेचा प्रेक्षक तर तरुणच. रॉडनबेरीने संतापून दैनंदिन कामातून अंग काढून घेतले. फ्रेड फ्रायबर्गर हा नवा निर्माता आला. आणि प्रत्येक भागासाठी मिळणारा पैसाही कमी झाला. हे सारे झाल्यावर २० सप्टेंबर १९६८ रोजी तिसऱ्या वर्षाचा पडदा उघडला. लाखभर पत्रे लिहून ज्यांनी मालिका वाचवली ते सारे पडद्यापुढे सरसावून बसले होते. त्यांच्या ताटात पहिला घास पडला तो 'स्पॉक्स ब्रेन', म्हणजे 'स्पॉकचा मेंदू', या भागाचा.

गोष्ट थोडक्यात सांगते; हसू आले तर आवरू नये. एक सुंदर स्त्री यानावर अवतरते, सर्वांना बेशुद्ध करते आणि स्पॉकचा मेंदू काढून घेऊन निघून जाते. जखमेची खूण नाही, केस विस्कटलेला नाही. चोवीस तासांत मेंदू परत बसवला नाही तर स्पॉक मरणार. तेव्हा कर्क त्या चोरट्या बाईच्या ग्रहावर जातो, आणि सोबत स्पॉकचे बिनमेंदूचे शरीरही नेतो. डॉक्टर मॅकॉय हातातल्या यंत्राची कळ दाबतो तसा तो बिचारा कळसूत्री बाहुल्यासारखा पावले टाकीत चालतो. त्या ग्रहाच्या पोटात स्त्रियांची वस्ती आहे आणि तिथली हवा, उजेड, पाणी सारे चालवण्यासाठी त्यांना एक मेंदू हवा होता. गंमत अशी की, ज्या बाईने मेंदू चोरला तीच विचारते, मेंदू म्हणजे काय? शस्त्रक्रियेचे ज्ञान तिला एका शिरस्त्राणातून घटकाभर मिळाले होते, ते केव्हाच उडून गेलेले असते. शेवटी मॅकॉय तेच शिरस्त्राण घालतो आणि मेंदू बसवू लागतो. अर्ध्यावर त्याचेही ज्ञान विरते. तेव्हा आधी स्पॉकची वाचा जोडली जाते आणि मग रोगीच वैद्याला पुढचे टाके कसे घालावे ते सांगतो.

स्पॉकची भूमिका करणाऱ्या लेनर्ड निमॉयने पुढे आपल्या आत्मकथनात लिहून ठेवले आहे की, या भागाच्या चित्रीकरणात सारा वेळ आपल्याला संकोच वाटत होता. कर्क झालेल्या विल्यम शॅटनरनेही त्याची टर उडवली. मग लिहिला कोणी? पडद्यावर नाव आले ते ली क्रोनिन. हे टोपणनाव होते. त्यामागचा माणूस जीन कून. मालिकेचा दुसऱ्या वर्षाच्या मध्यापर्यंतचा निर्माता, आणि अनेकांच्या मते तिचा खरा शिल्पकार. तोवर तो दुसऱ्या स्टुडिओशी करारबद्ध झाला होता, म्हणून हा बुरखा. 'द डेव्हिल इन द डार्क' ही खाणीतल्या एका राक्षसी जीवाची कथा त्याचीच. खाणकामगारांना मारणारा तो जीव म्हणजे आपली अंडी राखणारी आई आहे, असे तीत उलगडते, आणि चाहत्यांच्या उत्तम भागांत तिची गणना होते. एकाच लेखणीतून हे आणि ते! कूनने हा भाग मुद्दाम थट्टा म्हणून लिहिला असावा, असे त्याच्या चाहत्यांपैकी काहींचे म्हणणे आहे. १९७३ साली वयाच्या अवघ्या ४९ व्या वर्षी तो वारला, त्यामुळे वाद ऐन भरात आला तेव्हा साक्ष द्यायला तो उरला नव्हता.

एक बारीकशी गोष्ट मला या प्रकरणात फार महत्त्वाची वाटते. 'स्पॉकचा मेंदू' त्या वर्षी पहिल्यांदा दाखवला गेला खरा, पण तो पहिल्यांदा बनलेला नव्हता. त्याआधी पाच भाग चित्रित झाले होते. त्यांतला 'द एंटरप्राइज इन्सिडेंट' हा हेरगिरीचा उत्कंठावर्धक भाग तर लगेच पुढच्या आठवड्यात, २७ सप्टेंबरला, दाखवलाही गेला. या दोहोंचा क्रम उलट असता तर? माझी खात्री आहे की, मग 'स्पॉकचा मेंदू' हा एक चक्रम पण करमणुकीचा भाग म्हणून खपून गेला असता. त्याची बदनामी त्याच्या गुणांपेक्षा त्याच्या तारखेने अधिक केली. पाहुणे पंगतीला बसताच पहिल्या वाढपात करपलेला भात आला की पुढच्या पुरणपोळीलाही करपल्याचा वास येतो.

मालिका ३ जून १९६९ रोजी संपली. तिचा खरा संसार त्यानंतर मांडला गेला. गावोगावच्या छोट्या दूरचित्रवाणी केंद्रांनी जुने भाग विकत घेऊन रोज संध्याकाळी पुनःपुन्हा दाखवायला सुरुवात केली आणि नवी पिढी तिच्या नादी लागली. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कला चाहत्यांचे पहिले मोठे संमेलन भरले; काही शेकडा माणसे येतील असा अंदाज होता, आली काही हजार. पहिला चित्रपट निघायला डिसेंबर १९७९ उजाडला. मधल्या दहा वर्षांत १९७३-७४ ची एक व्यंगचित्र-मालिका सोडली तर नवे काही नाही. पुंजी काय ती त्याच ७९ भागांची. घरी छापलेल्या मासिकांतून, संमेलनांच्या आवारातून तिचा कीस पडू लागला. सर्वोत्तम भागाचा निकाल लवकर लागे. हार्लन एलिसनच्या 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर'ला बहुतेक जण माळ घालीत. पण वाईट म्हणजे काय, हे ठरवताना प्रत्येकाला आपले माप काढून दाखवावे लागे.

कोणी म्हणे, कंटाळा हेच महापाप. हा पक्ष 'द ऑल्टरनेटिव्ह फॅक्टर'कडे बोट दाखवी. त्यात लॅझरस नावाचा एक वेडा आणि त्याचाच दुसऱ्या विश्वातला शहाणा जोडीदार यांची झटापट चालते, पण कोणता कोण हे शेवटपर्यंत नीट कळत नाही. यालाही कारण होते. त्या भूमिकेसाठी नेमलेला जॉन ड्रू बॅरीमोर चित्रीकरणाला उगवलाच नाही. आयत्या वेळी रॉबर्ट ब्राउनला उभे करावे लागले. हा भाग ३० मार्च १९६७ चा. आणि वर सांगितलेला सर्वोत्तम भाग? बरोबर पुढच्या आठवड्यातला, ६ एप्रिलचा!

कोणी 'अँड द चिल्ड्रन शॅल लीड' पुढे करी, ज्यात मुलांना नादी लावणाऱ्या दुष्ट आत्म्याचे काम मेल्व्हिन बेली या त्या काळच्या नामांकित वकिलाला दिले होते; कोर्ट गाजवणारा माणूस येथे मात्र नुसता उभा आहे. कोणी 'द वे टू ईडन'चे नाव घेई. डी. सी. फाँटाना या लेखिकेने मॅकॉयच्या मुलीची कथा लिहिली होती. तिची मोडतोड होऊन त्यात गाणी म्हणणारे अंतराळी हिप्पी शिरले, तेव्हा तिने आपले नाव काढून घेऊन टोपणनाव दिले. अशा भांडणांतूनच हा सारा तपशील उजेडात राहिला. चांगल्या भागाचे श्रेय घेणारे पुष्कळ असतात. वाईटाची चौकशी करायची तर तारखा, करार, वेतनपत्रके उपसावी लागतात. चाहते नकळत इतिहासकार झाले ते असे.

माझे मत विचाराल तर मी 'स्पॉकच्या मेंदू'ला सोडून देईन. तो हसवतो तरी. माझे बोट शेवटच्या भागावर आहे, 'टर्नअबाउट इंट्रूडर'वर. तो २८ मार्च १९६९ रोजी लागायचा होता, पण त्या दिवशी माजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर वारले आणि तो ३ जूनवर गेला. जॅनिस लेस्टर ही शास्त्रज्ञ कर्कच्या देहात शिरून कॅप्टन होऊ पाहते, कारण यानाच्या कॅप्टनांच्या जगात स्त्रीला प्रवेश नाही, असे तीच कर्कला सांगते, आणि तो ते खोडून काढत नाही. अधिकार हाती येताच ती भान सुटल्यासारखी वागते आणि शेवटी ढासळून रडते. कथाकल्पना पुन्हा रॉडनबेरीचीच! ज्या रॉडनबेरीने १९६४-६५ मध्ये चित्रित झालेल्या अगदी पहिल्या नमुना-भागात यानाचे दुसऱ्या क्रमांकाचे पद एका स्त्रीला दिले होते, त्याचीच. एनबीसीने तो भाग नाकारला आणि दुसऱ्या नमुन्यात ती बाई उरली नाही.

आता हे कोणाला ऐकवले गेले ते पाहावे. पत्रांची मोहीम चालवणारी ब्यो ट्रिम्बल. १९६७ मध्ये 'स्पॉकॅनालिया' हे पहिले चाहता-मासिक काढणाऱ्या डेव्ह्रा लँगसम आणि शर्ना कॉमरफर्ड. १९७२ च्या संमेलनासाठी राबणाऱ्यांत जोन विन्स्टन. ज्या बायकांनी टाइपरायटर बडवून, पाकिटे चिकटवून ही मालिका जगवली, त्यांना तिने निरोप देताना सांगितले की, उद्याच्या शहाण्या जगातही सुकाणू तुमच्या हाती नाही. मेंदू चोरणारी बाई मूर्ख होती हे मी हसून सोडले. हे मला सोडवत नाही.

त्या एका वाक्यावर चाहत्यांनी शब्दशः खल केला आहे. एक पक्ष म्हणतो, अर्थ सरळ आहे, बंदी म्हणजे बंदी. दुसरा म्हणतो, कॅप्टनच्या आयुष्यात प्रेमाला जागा नसते एवढेच तिला म्हणायचे आहे. तिसरा म्हणतो, ती वेडी आहे, तिच्या बोलण्याला पुरावा मानू नये. हा वाद ज्या घरांतून चालला त्या घरांतील मुलेमुली पुढे मोठी झाली. १९८६ च्या चौथ्या चित्रपटात 'सॅराटोगा' या यानाची कॅप्टन स्त्री दिसली. १९९५ पासून 'व्हॉयेजर' या मालिकेत कॅप्टन जेनवेने सात वर्षे यान चालवले. आणि २००४ मध्ये 'एंटरप्राइज' या मालिकेत, जिचा काळ कर्कच्याही शंभर वर्षे आधीचा कल्पिलेला आहे, 'कोलंबिया' यानाचे अधिपत्य एरिका हर्नांडेझकडे देण्यात आले. म्हणजे कथेतल्या इतिहासाप्रमाणे पाहिले तर जॅनिस लेस्टर ते वाक्य बोलली त्याच्या शंभर वर्षे आधीच एक स्त्री कॅप्टन होऊन गेलेली होती. नमुना-भागातून नाहीशी झालेली ती दुसऱ्या क्रमांकाची अधिकारीही २०२२ च्या 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स'मध्ये आपल्या जागी परत आली आहे, आणि आता तिला उना असे नावही आहे.