भावना, साहाय्यवर्तन व आक्रमण : मानसशास्त्रीय उपपत्ती

अर्थपूर्ण प्रसंगाने व्यक्तीच्या ठिकाणी जी अवस्था उत्पन्न होते, जिच्यात शारीरिक क्षोभ, आंतरिक अनुभव आणि बाह्य आविष्कार ही तिन्ही अंगे एकवटलेली असतात, ती भावना होय. दुसऱ्याचे हित व्हावे या हेतूने केलेली कृती म्हणजे साहाय्यवर्तन. आणि जी इजा समोरची व्यक्ती टाळू इच्छिते ती तिला पोहोचवावी या हेतूने केलेली कृती म्हणजे आक्रमण. या दोन्ही व्याख्यांत मुख्य महत्त्व हेतूला आहे, फलाला नाही. म्हणूनच शल्यचिकित्सकाने घेतलेला छेद वेदनादायक असूनही आक्रमण ठरत नाही, आणि नेम चुकल्यामुळे कोणालाही न लागलेला दगड मात्र आक्रमण ठरतो. वरवर पाहता ही तीन निरनिराळी प्रकरणे दिसतात, परंतु त्यांविषयीच्या उपपत्ती जोडीने वाचल्या असता तिहींच्या बुडाशी एकच प्रश्न असल्याचे ध्यानात येते : शरीरात उठलेला क्षोभ आणि हातून घडणारी कृती यांच्या दरम्यान काय घडते? सव्वाशेहून अधिक वर्षांच्या संशोधनाने या प्रश्नाला दिलेल्या उत्तरांपैकी सर्वांत टिकाऊ उत्तर असे, की मध्ये प्रसंगाचा अर्थ लावण्याची क्रिया असते, आणि हा अर्थ माणूस पुष्कळदा शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरून वाचून घेतो.

पूर्वपीठिका : भावनांच्या वर्गीकरणाचा प्रयत्न भारतात प्राचीन आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ स्थायी, तेहेतीस व्यभिचारी व आठ सात्त्विक भाव सांगितले असून स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू व प्रलय ही सात्त्विक भावांची यादी म्हणजे भावनेच्या शारीर लक्षणांचा जवळजवळ पूर्ण तपशीलच होय. मराठीत के. ना. वाटवे यांनी ‘रसविमर्श’ या ग्रंथात या रसव्यवस्थेची आधुनिक मानसशास्त्राशी सांगड घालण्याचा प्रयत्न केला. पाश्चात्त्य परंपरेत चार्ल्स डार्विनने 1872 मध्ये मानव व प्राणी यांच्या भावाविष्कारांवर स्वतंत्र ग्रंथ लिहून हे आविष्कार उत्क्रांतीचा वारसा असल्याचे प्रतिपादन केले. आणि विल्यम मॅक्डूगल याने 1908 मध्ये प्रसिद्ध केलेल्या सामाजिक मानसशास्त्राच्या ग्रंथात प्रत्येक प्रमुख सहजप्रेरणेशी एकेक भावना जोडून, पलायनाशी भीती, युयुत्सेशी क्रोध आणि अपत्यसंगोपनाशी वात्सल्य अशा जोड्या लावल्या. साहाय्य व आक्रमण यांचा भावनेशी असलेला संबंध या मांडणीत स्पष्ट झाला खरा. परंतु प्रत्येक वर्तनामागे एक सहजप्रेरणा कल्पिल्याने त्या वर्तनाला केवळ नाव मिळते, त्याचा खुलासा होत नाही, अशी रास्त हरकत पुढील पिढीने घेतली.

भावनांविषयीच्या उपपत्ती : संकट दिसले म्हणून भीती वाटली आणि भीती वाटली म्हणून छाती धडधडली, हा लोकव्यवहारातील क्रम अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स याने 1884 मध्ये उलटा केला. त्याच्या मते संकटाच्या दर्शनाने शरीर प्रथम हालते, आणि त्या हालचालीची जी जाणीव होते तिलाच आपण भीती म्हणतो. कार्ल लांगे या डॅनिश वैद्याने पुढच्याच वर्षी स्वतंत्रपणे याच्याशी मिळतेजुळते मत मांडल्यामुळे ही उपपत्ती जेम्स-लांगे या जोडनावाने ओळखली जाते.

वॉल्टर कॅनन याने 1927 मध्ये या उपपत्तीवर जे आक्षेप घेतले ते आजही अभ्यासण्याजोगे आहेत. आंतरेंद्रियांचा मेंदूशी असलेला संबंध तोडलेल्या प्राण्यांतही भावनेचे आविष्कार दिसून येतात. भीती, क्रोध, इतकेच काय पण ताप, यांतही आंतरेंद्रियांतील बदल सारखेच असतात. हे अवयव संवेदनेच्या बाबतीत मंद आहेत, आणि त्यांतील बदल भावनेच्या मानाने सावकाश होतात. शिवाय अ‍ॅड्रिनॅलीन टोचून तेच बदल कृत्रिमरीत्या घडवले तरी खरी भावना निर्माण होत नाही. कॅनन आणि त्याचा सहकारी फिलिप बार्ड यांच्या मते मेंदूतील थॅलॅमसच्या परिसरातून एक संदेश प्रमस्तिष्काकडे आणि दुसरा शरीराकडे एकाच वेळी जातो, त्यामुळे अनुभव व शारीर क्षोभ यांपैकी कोणीही कोणाचे कारण नसते.

स्टॅन्ली शाक्टर व जेरोम सिंगर यांनी 1962 मध्ये या वादातून तिसरी वाट काढली. शारीर क्षोभ भावनेची तीव्रता ठरवतो आणि प्रसंगाचा लावलेला अर्थ तिचे नाव ठरवतो, अशी ही द्विघटक उपपत्ती आहे. दृष्टीवर जीवनसत्त्वाचा काय परिणाम होतो ते पाहावयाचे आहे असे सांगून त्यांनी विद्यार्थ्यांना अ‍ॅड्रिनॅलीन टोचले. काहींना छाती धडधडेल, हात कापतील अशी पूर्वकल्पना दिली, काहींना ती दिली नाही. नंतर प्रत्येकाला प्रयोगकर्त्यांनी आधीच पढवून ठेवलेल्या एका हस्तकासोबत बसवण्यात आले. एका प्रसंगी हा हस्तक कागदाचे बोळे टोपलीत टाकी, कागदी विमाने उडवी. दुसऱ्या प्रसंगी तो अपमानास्पद प्रश्नांनी भरलेली प्रश्नावली वाचता वाचता संतापून ती फाडून टाकी. आपल्या क्षोभाचा खुलासा ज्यांच्यापाशी नव्हता त्यांनी तो हस्तकाच्या वागण्यातून उचलला, आणि पहिल्या प्रसंगी आनंद तर दुसऱ्या प्रसंगी राग प्रकट केला. मात्र हा निकाल प्रयोगकर्त्यांना अपेक्षित होता तितका निःसंदिग्ध नव्हता. क्षाराचे निरुपद्रवी पाणी टोचलेल्या गटाचे वर्तनही फार वेगळे ठरले नाही, आणि पुढे 1979 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पडताळणी-प्रयोगांत कारण न कळलेला क्षोभ बहुधा अप्रिय बाजूलाच झुकतो असे दिसून आले.

रिचर्ड लाझरस याने अर्थनिर्णयनाला याहूनही मोठे स्थान देऊन, प्रसंग आपल्या हिताचा की अहिताचा याचे मूल्यमापन झाल्यावाचून भावनाच संभवत नाही असे म्हटले. उलट रॉबर्ट झायोन्क याने 1980 मध्ये आवडनिवड ही विचाराच्या आधीच ठरू शकते असा पक्ष मांडला. या वादाचा पुष्कळसा भाग ‘विचार’ हा शब्द किती व्यापक घ्यावा यावर अवलंबून आहे. पॉल एकमन याने 1960 नंतरच्या दशकात पापुआ न्यू गिनीमधील फोरे लोकांत केलेल्या संशोधनावरून काही मूलभूत भावनांचे मुखाविष्कार सार्वत्रिक असल्याचे प्रतिपादन केले. त्याच्या अभ्यासपद्धतीवर नंतर बरीच टीका झाली.

साहाय्यवर्तनाविषयीच्या उपपत्ती : या विषयाला चालना मिळाली ती एका फौजदारी प्रकरणाने. 13 मार्च 1964 रोजी पहाटे न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात किटी जेनोव्हीज या तरुणीचा तिच्या राहत्या इमारतीजवळ खून झाला, आणि अडतीस शेजारी हा प्रकार पाहत राहिले, अशी बातमी पुढे वृत्तपत्राने दिली. हा आकडा व हे चित्र दोन्ही अतिरंजित होती; बहुतेकांनी केवळ आवाज ऐकला होता, हल्ला अथपासून इतिपर्यंत कोणीच पाहिला नव्हता, आणि एक शेजारीण तर खाली धावत जाऊन शेवटपर्यंत तिला धरून बसली होती. परंतु त्या चुकीच्या बातमीने योग्य प्रश्न उभा केला.

बिब लाटाने व जॉन डार्ली यांनी शहरवासीयांच्या निष्ठुरतेवर ठपका न ठेवता गर्दीच्या रचनेकडे लक्ष वळवले. 1968 मधील त्यांच्या एका प्रयोगात विद्यार्थी प्रतीक्षाकक्षात बसून अर्ज भरीत असता भिंतीच्या झरोक्यातून धूर येऊ लागे. खोलीत एकटा असलेल्यांपैकी 75 टक्के विद्यार्थ्यांनी बाहेर जाऊन कळवले. परंतु निर्विकारपणे लिहीत राहणारे दोन हस्तक सोबत असले म्हणजे हे प्रमाण 10 टक्क्यांवर आले. उरलेले विद्यार्थी डोळे चोळीत, खोकत, हाताने धूर बाजूला सारीत आपला अर्ज भरीत राहिले. मागाहून विचारले असता कोणी ती वाफ असल्याचे, कोणी वातानुकूलन यंत्रातला दोष असल्याचे सांगितले, आगीचे नाव मात्र कोणी घेतले नाही. प्रत्येकजण दुसऱ्याच्या शांत चेहऱ्यावरून सर्व ठीक असल्याचे अनुमान काढतो, आणि तो दुसराही तेच करीत असतो, या अवस्थेला सामूहिक अज्ञान म्हणतात. अपस्माराच्या झटक्याचा आवाज यंत्रावरून ऐकवणाऱ्या दुसऱ्या प्रयोगात साथीदार एकमेकांना दिसतही नव्हते. तरीही रुग्णाखेरीज आपण एकटेच आहोत असे समजणाऱ्यांपैकी 85 टक्के, तिघांच्या गटातील 62 टक्के आणि सहांच्या गटातील 31 टक्के व्यक्ती रुग्णाचा आवाज थांबण्यापूर्वी मदतीस उठल्या. येथे कारण होते ते जबाबदारीच्या विभागणीचे : अनेकांच्या वाट्याला आलेली जबाबदारी कोणाच्याच अंगावर पुरती पडत नाही. या संशोधनावरून त्यांनी प्रसंग ध्यानात येणे, तो संकटाचा आहे असे मानणे, जबाबदारी स्वीकारणे, उपाय ठाऊक असणे आणि तो अमलात आणणे अशा पाच पायऱ्या सांगितल्या. यांपैकी कोणत्याही पायरीवर माणूस अडखळला तरी मदत होत नाही.

पहिलीच पायरी किती निसरडी असते हे डार्ली व डॅनिएल बॅटसन यांनी 1973 मध्ये दाखवले. प्रिन्स्टन येथील धर्मविद्यालयाचे विद्यार्थी प्रवचनासाठी दुसऱ्या इमारतीकडे निघाले असता वाटेत एक मनुष्य कण्हत पडलेला असे. सवडीने निघालेल्यांपैकी 63 टक्के, तर उशीर झाल्याचे सांगून पिटाळलेल्यांपैकी अवघे 10 टक्के त्याच्यासाठी थांबले. आणि प्रवचनाचा विषय वाटेत पडलेल्याला मदत करणाऱ्या शोमरोनी माणसाचा बायबलातील दृष्टांत असला तरी त्याने लक्षणीय फरक पडला नाही.

गर्दी नेहमीच घातक असते असेही नाही. आयर्व्हिंग पिल्याव्हिन आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत केलेल्या प्रयोगात काठी घेतलेला मनुष्य कोसळला तेव्हा 65 पैकी 62 वेळा प्रवासी आपण होऊन धावले. दारूचा वास येणाऱ्या मनुष्यासाठी 38 पैकी 19 वेळा. दुसऱ्याच्या दुःखाने क्षोभ होतो, आणि तो शमवण्याचा कमी खर्चाचा मार्ग माणूस निवडतो, अशी उपपत्ती यावरून पुढे आली. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ॲम्स्टरडॅम, केप टाउन व लँकेस्टर येथील रस्त्यांवरच्या चित्रणांच्या अभ्यासातही दर दहा भांडणांपैकी सुमारे नऊ ठिकाणी कोणी ना कोणी मध्ये पडल्याचे आढळले. ही मदत निःस्वार्थ असते काय, याविषयी मतभेद आहेत. समानुभूती जागी झाली असता केवळ दुसऱ्यासाठी मदत घडते, असा बॅटसनचा पक्ष आहे; रॉबर्ट चाल्डिनी त्यातही स्वतःची खिन्नता घालवण्याचा हेतू पाहतो. उत्क्रांतिवादी अभ्यासकांपैकी विल्यम हॅमिल्टन (1964) आप्तसंबंधावर, तर रॉबर्ट ट्रिव्हर्स (1971) परस्परोपकारावर भर देतो.

आक्रमणाविषयीच्या उपपत्ती : सिग्मंड फ्रॉइडने 1920 पासून मांडलेली मृत्युप्रेरणा आणि कॉन्राड लोरेन्झने 1963 च्या ग्रंथात वर्णिलेली, साचत जाणारी युयुत्सा या दोन्ही उपपत्तींत आक्रमण आतून येते, बाहेरचा प्रसंग केवळ निमित्तमात्र असतो. याउलट जॉन डोलार्ड, नील मिलर आणि येल विद्यापीठातील त्यांच्या सहकाऱ्यांनी 1939 मध्ये आक्रमणाच्या मुळाशी नेहमी वैफल्य, म्हणजे इष्टप्राप्तीत आलेला अडथळा, असतो असा सिद्धांत मांडला. प्रतिहत झालेली कामना क्रोधाचे रूप घेते, हे भगवद्गीतेवरील शांकरभाष्यातील विवरण या मताशी जवळचे आहे. सर्व वैफल्यातून आक्रमण उद्भवत नाही, अशी दुरुस्ती मिलरने 1941 मध्येच केली. लेनर्ड बर्कोविट्झ याने पुढे वैफल्याच्या जागी कोणताही अप्रिय अनुभव कल्पून, त्यातून क्रोध जागृत होतो आणि भोवतालच्या सूचक वस्तू, उदाहरणार्थ समोर ठेवलेले शस्त्र, त्याला आक्रमणाकडे वळवतात असे म्हटले.

अल्बर्ट बांडुरा याने 1961 मध्ये स्टॅनफर्ड येथील शिशुशाळेतील 72 मुलांवर केलेला प्रयोग विशेष प्रसिद्ध आहे. काही मुलांसमोर एका प्रौढाने हवा भरलेल्या ‘बोबो’ नावाच्या मोठ्या बाहुलीवर बसून तिच्या नाकावर गुद्दे मारले, लाकडी हातोडीने तिला बडवले व लाथेने उडवले. नंतर आवडती खेळणी काढून घेऊन मुलांना किंचित चिडवण्यात आले, आणि तशाच बाहुलीपाशी खेळायला सोडण्यात आले. तेव्हा त्यांनी त्या प्रौढाच्या हालचाली आणि शब्द यांची हुबेहूब नक्कल केली. शांत प्रौढ पाहिलेल्या मुलांत हे फारच थोडे आढळले. 1965 च्या प्रयोगात त्या प्रौढाला शिक्षा झालेली पाहणाऱ्या मुलांनी अनुकरण कमी केले. पण बक्षिसाचे आमिष दाखवताच त्यांनीही सर्व कृती करून दाखवल्या. शिक्षेने आचरण रोखले, अध्ययन रोखले नाही.

डॉल्फ झिलमन याच्या मते व्यायामासारख्या निरुपद्रवी कारणाने झालेला क्षोभ शिल्लक असता कोणी चिथावले, तर त्या शिलकेचा भर क्रोधात पडतो. शाक्टरच्या विचाराचाच हा विस्तार होय. राग बाहेर काढला म्हणजे शांत होतो, ही विरेचनाची लोकप्रिय समजूत मात्र टिकली नाही. ज्याने अपमान केला त्याचे चिंतन करीत मुष्टियुद्धाच्या पिशवीवर ठोसे मारणाऱ्यांचा राग स्वस्थ बसलेल्यांपेक्षा अधिक राहतो, असे ब्रॅड बुशमन याला 2002 मध्ये आढळले. युद्ध जीवशास्त्राने माणसाच्या माथी मारलेले नाही, अशी ग्वाही विविध देशांतील शास्त्रज्ञांनी 1986 च्या सेव्हिल येथील निवेदनात दिली.

उपयोजन : या उपपत्तींचे व्यावहारिक मोल रस्त्यावरील अपघातात प्रत्ययास येते. मदतीला गेल्यास चौकशीचा ससेमिरा मागे लागेल ही बघ्यांची भीती म्हणजे पिल्याव्हिनच्या परिभाषेत मदतीचा खर्च होय. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये मदतकर्त्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांना कायद्याचे बळ दिले, आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात कलम 134अ घालून सद्भावनेने मदत करणाऱ्यास दिवाणी व फौजदारी जबाबदारीतून संरक्षण तसेच नाव न सांगण्याची मुभा दिली. खर्च कायद्याने कमी होतो. प्रसंगाचा अर्थ स्पष्ट करणे आणि जबाबदारी एकाच्या अंगावर आणणे ही कामे मात्र जागेवरच करावी लागतात. म्हणून जखमीने किंवा त्याच्या सोबत्याने बघ्यांच्या घोळक्याकडे पाहून ‘कोणीतरी मदत करा’ असे ओरडण्यापेक्षा, ‘अहो निळ्या सदऱ्यातले काका, अपघात झालाय, तुम्ही रुग्णवाहिका बोलवा’ असे एकालाच उद्देशून म्हणणे अधिक फलदायी ठरते.