सासष्टीतील एक मागणी

कल्पनाशक्ती ही कवीची मिरास आणि श्रद्धा ही भक्ताची, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. कल्पना मनाची रचना, धर्म तर सत्यावर उभा; मग या दोहोंचे नाते ते काय, असे कोणीही विचारील. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आत्म्याची कृपादाने सांगितली आहेत. त्यांत ज्ञान आहे, विश्वास आहे, रोगनिवारण आहे, निरनिराळ्या भाषाही आहेत; कल्पनाशक्तीचे नाव मात्र नाही. तरीही पौल ज्याचा सेवक, त्या ख्रिस्ताने पेरणाऱ्याच्या, हरवलेल्या मेंढराच्या आणि उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तांतूनच लोकांस शिकविले. या देणगीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा ही दोन्ही ज्यात दिसून येतात, असे एक उदाहरण आपल्या गोमंतकाच्या इतिहासात आहे.

टॉमस स्टीफन्स हा १५४९च्या सुमारास इंग्लंडात जन्मलेला गृहस्थ. १५७५ साली रोम येथे तो जेज्वीत संघात दाखल झाला आणि ऑक्टोबर १५७९मध्ये गोव्यास पोहोचला. पुढील चाळीस वर्षे, म्हणजे १६१९ साली मृत्यू येईपर्यंत, तो येथेच राहिला आणि त्यातील बहुतेक काळ त्याने सासष्टीत घालविला.

ती सासष्टी शांत नव्हती. १५६७ साली तेथील शेकडो देवळे पाडण्यात आली होती. जुलै १५८३मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेज्वीतांस ठार मारले. अकबराच्या दरबारी राहून आलेला रूदोल्फ आक्वाव्हीव्हा त्यांतच होता. पुढे सत्ताधाऱ्यांनी गावच्या प्रमुखांस बोलावून घेऊन कापून काढले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात स्टीफन्सने आपल्या भावास पत्र लिहिले. त्यात या हत्येची हकीकत आहे, आणि येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती आहे हे निरीक्षणही आहे. सहकाऱ्यांचे रक्त अद्याप सुकले नसताना, ज्या लोकांच्या हातून ते सांडले त्यांच्याच बोलीकडे हा मनुष्य कान देऊन ऐकत होता.

त्या कानावर एके दिवशी एक मागणी आली. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांपैकी एकाने विचारले की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत. मग त्यांच्यासारखे दुसरे पुराण आम्हांस का देत नाही? स्टीफन्सच्या ग्रंथातच हा प्रसंग आला आहे. प्रश्न साधा आहे, परंतु त्यात एक दुःख दडले आहे. दिवेलागणीनंतर ओवी ऐकण्याची ज्या घराला पिढ्यान्‌पिढ्या सवय, त्या घराला प्रश्नोत्तरांची पाठावली पुरत नाही. पाठावलीने सिद्धान्त कळतो. संध्याकाळ रितीच राहते.

जेज्वीतांच्या साधनेत कल्पनेला मानाचे स्थान होते. संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या, १५४८ साली पोपची संमती मिळालेल्या साधनाग्रंथात साधकास सांगितले आहे की, प्रार्थनेस बसताना नाझरेथहून बेथलेहेमास जाणारी वाट डोळ्यांपुढे आणावी, ती किती लांब, किती रुंद, सपाट की चढउताराची, हे पाहावे. स्टीफन्स याच शिस्तीत वाढला होता. सासष्टीत मात्र त्याला आणखी एक अवघड पाऊल टाकावे लागले. बेथलेहेमची वाट तर पाहावयाचीच, पण ती येथल्या श्रोत्याच्या डोळ्यांनी आणि त्याच्या भाषेत पाहावयाची!

१६१६ साली राशोल येथे छापलेले ‘क्रिस्तपुराण’ हे त्याचे फळ. सुमारे अकरा हजार ओव्या आणि दोन भाग: पहिल्यात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. अध्यायांस त्याने ‘अवस्वरू’ म्हटले आणि स्वर्गास ‘वैकुंठ’ म्हणण्यात त्याला संकोच वाटला नाही. भाषा मराठी; परंतु सामान्य माणसास समजावे म्हणून कठीण शब्द गाळून येथल्या बोलीचे सोपे शब्द घातल्याचे तो स्वतःच सांगतो. मराठीची स्तुतीही त्याने मनापासून केली. परक्याच्या तोंडची ती स्तुती आजही वाचकास सुखावते.

तथापि एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य होणार नाही. या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर इन्क्विझिशनच्या परवानगीचा निर्देश होता. ज्या सत्तेने जुनी पुराणे बंद केली, तिच्याच मुद्रेने हे नवे पुराण बाहेर पडले. स्टीफन्सच्या कल्पनेने लोकांची तहान ओळखली. विहीर कोणी बुजविली, हा प्रश्न मात्र तिने सत्तेला विचारला नाही. दुसऱ्याचे दुःख जाणणे ही मोठी देणगी आहे, परंतु त्या दुःखाचे कारण दूर करण्यास केवळ तीच पुरत नाही.

पुढे १६८४ साली व्हिसेरेईने लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला. १६१६ची आवृत्ती आणि १६४९ व १६५४च्या पुढील आवृत्त्या, यांपैकी एकाही आवृत्तीची प्रत आज उपलब्ध नाही. परंतु हुकूमनाम्याहून ओवी चिवट ठरली. लोकांनी हाताने नकला करून ग्रंथ जपला. मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो आपल्याबरोबर नेला. तेथेच १९०७ साली जोसेफ साल्दाना यांनी तो पुन्हा छापला, आणि १९५६ साली पुण्यास शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती निघाली.

स्टीफन्सनंतर बरोबर तीनशे वर्षांनी, १९१९ साली, रेव्हरंड नारायण वामन टिळक निवर्तले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. ते पुढे लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. टिळकांना ओवी शिकावी लागली नाही, ती त्यांच्या घरचीच होती. स्टीफन्सला ती चाळीस वर्षे ऐकून मिळवावी लागली.

सासष्टीच्या त्या मागणाऱ्याचे नाव आपणांस ठाऊक नाही. परंतु जे हिरावले गेले त्याची आठवण ठेवून त्याने पाद्र्यापुढे तोंड उघडले, म्हणून हे पुराण झाले. देणगीचे श्रेय कवीस आपण देतोच; त्यातील निम्मे त्याचेही आहे.