लातूरची गंज गोलाई: १६ रस्ते जिथे एकत्र येतात, तिथे काय पाहाल?

लातूर म्हटलं की अनेकांना शिकवणी वर्ग, तूर-सोयाबीनचा बाजार किंवा २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून पाणी घेऊन आलेली रेल्वे आठवते. पण शहर समजून घ्यायचं असेल, तर सुरुवात करावी लागते ती मध्यवर्ती बाजारातल्या गंज गोलाईपासून.

गंज गोलाई म्हणजे काय?

गंज म्हणजे बाजारपेठ, गोलाई म्हणजे गोलाकार जागा. मधोमध दुमजली गोल इमारत आणि तिच्याभोवती बाजार, अशी ही रचना आहे. मुख्य इमारत १९१७ साली उभी राहिली. तेव्हा लातूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी गोलाईचा आराखडा तयार केला. दिल्लीतल्या प्रसिद्ध कॅनॉट प्लेसचं बांधकाम १९२९ साली सुरू झालं. म्हणजे लातूरचा हा गोल बाजार त्याच्याआधीचा आहे.

गोल आकार कशासाठी?

गोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात. माणूस कोणत्याही दिशेने आला, तरी शेवटी मध्यभागीच पोहोचतो. इथल्या रस्त्यांवर धंद्यांची वाटणी दिसते. सराफ लाइन, कापड लाइन, भुसार लाइन या नावांवरूनच कुठे काय मिळतं ते कळतं. चपला, मिरची, गूळ यांचीही दुकानं आहेत. एकाच मालाची दुकानं शेजारी-शेजारी असल्याने भावाची तुलना सोपी जाते. एक खरेदी आटोपली की गोलाईला वळसा घालून पुढच्या रस्त्याला लागायचं.

बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १९११ साली लातूरपर्यंत आली होती. त्यानंतर सहाच वर्षांत ही इमारत उभी राहिली. वाढत्या व्यापारी गावाला आखीव बाजारपेठ मिळाली.

आत आणि आसपास काय आहे?

गोलाईच्या मध्यभागी जगदंबा देवीचं मंदिर आहे. नवरात्रात इथे मोठी गर्दी होते. शहरातल्या पटेल चौकात सुरत शहावली दर्गा आहे. त्याचं बांधकाम १९३९ चं. ग्रामदैवत सिद्धेश्वराच्या मंदिरात महाशिवरात्रीला यात्रा भरते. लातूरचं नाव मात्र या सगळ्याहून जुनं आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर', म्हणजे लट्टलूर या श्रेष्ठ नगरीचे स्वामी, म्हणवून घेत. हे लट्टलूर म्हणजेच आजचं लातूर मानलं जातं.

आज अडचण काय आहे?

गोलाई बांधली गेली तेव्हा बाजारात येणारे बहुतेक लोक पायी किंवा बैलगाडीने येत. आज त्याच १६ रस्त्यांवरून दुचाकी, रिक्षा आणि मालाचे टेम्पो एकाच वर्तुळात येतात. त्यात हातगाड्या आणि फेरीवाले. वाहनांना वाट हवी, दुकानदाराला दुकानासमोर मोकळी जागा हवी आणि हातगाडीवाल्याचं पोट याच गर्दीवर आहे. पाट्या आणि फलकांच्या गर्दीत मूळ इमारत मात्र झाकली जाते. ही वास्तू जपायची तर बाजार चालू ठेवूनच जपावी लागेल. बाजार उठला, तर उरेल ती नुसती गोल इमारत.

कसं पाहाल?

सकाळी दुकानं उघडण्याआधी गेलात, तर इमारतीचा गोल आकार आणि वरचा मजला नीट दिसतो. संध्याकाळी बाजार भरात असतो. गाडी लांब लावा आणि पायी एक पूर्ण फेरी मारा. प्रत्येक वळणावर पुढच्या रस्त्यावर काय विकलं जातंय ते पाहत गेलात, की १९१७ चा तो आराखडा आपोआप उलगडतो.