खटका अडतो तेव्हा

वडील गेल्यानंतर त्यांचे कपाट आवरताना कातडी कव्हरातला त्यांचा जुना कॅमेरा हाती आला. लिव्हर अर्धा बोट सरके आणि थांबे. खटका दाबला जात नव्हता. डोळा लावून पाहिले तर आत काळोख. वरच्या छोट्या खिडकीत आकडा दिसत होता, २३. म्हणजे आत रोल होता आणि त्यावर बावीस-तेवीस फोटो उमटलेले होते. १९९१च्या दिवाळीनंतर या कॅमेऱ्याने काढलेला एकही फोटो आमच्या घरच्या अल्बमांत नाही. तेव्हा तो अडला आणि तसाच कपाटात गेला, एवढे त्यावरून कळत होते.

अशा वेळी माणूस जे करतो तेच मीही केले. लिव्हर अंगठ्याने जरा रेटली. मग धास्तावून थांबलो आणि दुसऱ्या दिवशी मुंबईला फोर्टात, एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली टेबल मांडून बसणाऱ्या एका वृद्ध कारागिराकडे गेलो. त्यांनी कॅमेरा हातात घेण्याआधी तीन प्रश्न विचारले.

“आत रोल आहे?”

“आहे.”

“जोर लावलात?”

“थोडासा, काका.”

“तेल घातलंत?”

“नाही.”

“मग अजून आशा आहे,” ते म्हणाले.

हे तीन प्रश्न डोक्यात राहिले. पुढे या विषयाचे वाचन करताना जाणवले, की कॅमेऱ्याच्या शटरचा जवळजवळ सगळा इतिहास त्या तीन प्रश्नांत आहे. शटर अडते ते वाटेल तिथे अडत नाही. एखाद्या काळात, एखादी अडचण सोडवण्यासाठी, कुणीतरी यंत्रात एक भाग नव्याने घातलेला असतो. बिघाड त्या भागाच्या आसऱ्यानेच येतो. म्हणून दुरुस्ती करणाऱ्याला ते यंत्र असे का घडवले गेले, हे आधी ओळखावे लागते.

हात हेच शटर

प्रारंभी शटर नव्हतेच. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नामांकित छायाचित्रकार. त्यांच्या पिढीचे छायाचित्रकार भिंगावरचे झाकण हाताने काढत, मनात आकडे मोजत आणि झाकण परत लावत. ओल्या कोलोडियनच्या काचेवर प्रतिमा उमटायला काही सेकंद लागत. त्या हिशेबात अर्ध्या सेकंदाची चूक खपून जाई. मनगट हेच शटर होते, आणि मनगट काही अडकून बसत नाही.

ही सोय संपली ती सुक्या जिलेटिनच्या काचा आल्यावर. रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने १८७१मध्ये त्या पद्धतीची दिशा दाखवली आणि त्या दशकाच्या अखेरीस या काचा बाजारात रुळल्या. त्या इतक्या जलद होत्या, की सेकंदाचा लहानसा अंश पुरू लागला. मनगटाला तेवढे जमेना. जून १८७८मध्ये अमेरिकेत पालो आल्टो येथे एडवर्ड मायब्रिजने बारा कॅमेरे ओळीने मांडून धावत्या घोड्याची चित्रे घेतली. तेव्हा घोड्याच्या पायांनी तुटणारे दोरे आणि विजेने सुटणारी शटरे वापरावी लागली. साधा छायाचित्रकार भोक पाडलेली फळी भिंगासमोरून खाली पडू देई, बाकीचे काम गुरुत्वाकर्षण करी. ही फळी खाचेत अडकली तर टिचकी मारली की पुरे. ‘शटर अडले’ ही तक्रार करता येईल असे यंत्र अजून जन्माला यायचे होते.

तेल घातलंत?

ते यंत्र म्युनिकमध्ये घडले. फ्रीडरिश डेकेल यांच्या कारखान्यात ‘कंपाउंड’ नावाचे शटर होत असे. भिंगाच्या आतच पातळ पोलादी पाती बसवलेली आणि ती किती वेळ उघडी राहावीत हे एका छोट्या नळकांड्यातली हवा ठरवी. हवेचा दाब उष्णतेने आणि झिजेने बदलतो. म्हणून १९१२मध्ये हवेच्या जागी घड्याळासारखी दातेरी चाके आली आणि शटरचे नाव झाले ‘कॉम्पुर’. कंपाउंडमध्ये घड्याळाचा जर्मन ‘उर’ मिसळून ते नाव बनले, असे सांगतात. पुढे रोलिफ्लेक्ससारख्या कितीतरी कॅमेऱ्यांत हेच शटर बसले. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्या गळ्यात जो रोलिफ्लेक्स असे, त्याच्या पोटात अशीच चाके होती.

घड्याळ आले तसे घड्याळाचे आजारही आले. मंद गतीसाठी ही चाके पातींना धरून ठेवतात. चाकांवरचे वंगण वर्षानुवर्षांत सुकून डिंकासारखे होते. मग शटर ‘शंभरवर’ ठणठणीत चालते, पण ‘एक सेकंदा’वर लावले की कुरकुरत मध्येच थांबते. हेच पहिले निदान. जलद गतीवर चालते आणि मंद गतीवर अडते, तर पाती निर्दोष आहेत, दोष चाकांत आहे. सेल्फ-टायमर हीदेखील अशीच एक चाकांची माळ. ती सगळ्यात कमी वापरली जाते, म्हणून सगळ्यात आधी सुकते. जुना कॅमेरा हाती आल्यावर गंमत म्हणून सेल्फ-टायमर ओढला आणि तो अर्ध्यावर थांबला, तर त्याच्यासोबत सगळे शटर कोंडले जाते. जाणकार म्हणूनच त्या दांडीला हात लावत नाहीत.

आता तेलाचा प्रश्न. आपल्याकडे घरोघरी शिवणयंत्राच्या तेलाची बाटली असे आणि बिजागरीपासून सायकलपर्यंत सगळ्याला ते लागू पडे. शटरच्या पात्यांना मात्र ते विष आहे. ही पाती कोरडीच सरकायची असतात. तेलाचा एक थेंब दोन पात्यांमध्ये पसरला, की ओल्या काचा एकमेकींना चिकटाव्यात तशी ती चिकटतात. तेलाने शटर दोन दिवस चालते आणि मग धुळीसकट कायमचे बसते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे आणखी लवकर घडते. यावर उपाय एकच. सगळे उलगडून, उडून जाणाऱ्या द्रावाने धुऊन, वंगण लागेल तिथेच आणि सुईच्या टोकाएवढेच द्यायचे.

जोर लावलात?

अडकण्याचा दुसरा घराणेदार प्रकार जर्मनीतल्याच वेट्झलार गावी जन्मला. लाइट्झ कंपनीतल्या ऑस्कर बार्नाक यांनी १९१४च्या सुमारास सिनेमाच्या फिल्मवर चालणारा एक छोटा कॅमेरा बनवला. १९२५च्या लाइपझिगच्या जत्रेत तो ‘लायका’ नावाने लोकांसमोर आला. यात शटर भिंगात नव्हते, फिल्मच्या अगदी पुढ्यात होते. रबर चढवलेल्या कापडाचे दोन पडदे, पहिला उघडत जातो, दुसरा त्याच्यामागून झाकत जातो आणि दोघांमधली फट फिल्मवरून सरकते. फट अरुंद तेवढा प्रकाश कमी.

बार्नाक यांची खरी करामत पडद्यापेक्षा जोडणीत होती. एकाच चावीने फिल्म एक चौकट पुढे जाई आणि त्याच फेऱ्यात शटरही ताणले जाई. याआधी फिल्म सरकवणे आणि शटर चढवणे ही दोन वेगळी कामे होती. विसरभोळ्या माणसाच्या एकाच चौकटीवर दोन फोटो पडत. आपल्या ओळखीचा बडोद्याला बनणारा ‘आग्फा क्लिक-थ्री’ आणि त्याच्या जातीचे साधे पेटी-कॅमेरे हाताळलेल्यांना हा घोटाळा आठवत असेल, बारशाच्या फोटोवर बसलेला सहलीचा धबधबा. जोडणी आल्यावर तो घोटाळा संपला. १९३७च्या रोलिफ्लेक्समध्येही एकाच हँडलने फिल्म सरकून शटर चढू लागले.

पण ही सोय एका अटीवर मिळाली होती. जोडलेल्या यंत्रात प्रत्येक काम आधीचे काम पुरे झाल्याची वाट पाहते. शटर उडाले नसेल तर लिव्हर हलणार नाही, लिव्हर पुरी फिरली नसेल तर खटका दबणार नाही. ही कुलपे मुद्दाम घातलेली आहेत. म्हणून लिव्हर अडली की कॅमेरा मोडलाच असे नव्हे. पुष्कळदा कॅमेरा चुकीचे काम करायला नकार देत असतो. लिव्हर अर्ध्यावरच सोडली असेल तर पुन्हा हलकेच पुरी फिरवली की काम होते. रोल संपला असेल तरीही लिव्हर अडते, आणि तिथे जोर लावणारा स्वतःच्याच फिल्मची भोके फाडून घेतो.

स्वीडनच्या हॅसलब्लाड ५००सी या १९५७च्या कॅमेऱ्यात ही अट टोकाला गेली. त्याचे शटर भिंगात आणि भिंग सुटे. कॅमेरा आणि भिंग दोघांनीही ताणलेले असावे, तरच ते एकमेकांत बसतात किंवा सुटतात. एक ताणलेला आणि दुसरा सुटलेला राहिला, की दोघे अशी मिठी मारतात की भिंग निघत नाही आणि हँडल फिरत नाही. यावरचा उपाय फोटो-स्टुडिओंत पाठ असे. मागून लांब, बारीक स्क्रूड्रायव्हर घालून दांड्याच्या खाचेत बसवायचा, अडेपर्यंत सावकाश फिरवायचा. मिठी सुटते. जोराने कधीच सुटत नाही.

कापडाला पर्याय शोधणाऱ्यांनाही नवी दुखणी मिळाली. लायकाचे भिंग उन्हाकडे रोखून राहिले, तर सूर्याची प्रतिमा पडद्यावर पडून त्याला भोक पडे. ड्रेस्डेनच्या झाइस इकॉनने १९३२मध्ये ‘काँटॅक्स’ काढला, त्यात पितळी पट्ट्यांचा पडदा वरून खाली धावे. पितळ जळत नाही. पण त्या पट्ट्यांना धरून ठेवणाऱ्या फिती रेशमाच्या होत्या, आणि त्या तुटत. महायुद्धानंतर काँटॅक्सची यंत्रसामग्री नुकसानभरपाई म्हणून सोव्हिएत रशियाने नेली. त्याच घाटाचे कॅमेरे ‘किएव्ह’ नावाने निघाले. त्यांच्यासोबत रेशमी फितींचे दुखणेही किएव्हला गेले.

पुढे वीज आली. १९७६च्या कॅनन एई-वनमध्ये संगणकाचा मेंदू बसला, आणि बॅटरी संपली की सगळे गप्प. तेव्हापासून निदानाची पहिली पायरी बदलली, आधी बॅटरी पाहा. या पिढीतल्या कॅमेऱ्यांत एखादे छोटे कपॅसिटर मेले तरी लिव्हर कुलूपबंद होते. स्प्रिंगचा आजार कारागिराच्या कानाला कळे. सर्किटचा आजार कानाला कळत नाही, आणि त्याचा सुटा भाग दुसऱ्या मेलेल्या कॅमेऱ्यातूनच काढावा लागतो. कारागिरांची ती पिढी इथे हतबल होऊ लागली. परदेशी कॅमेरा मिळवणेच जिथे दुर्मीळ होते, त्या आपल्या देशात त्यांनी दोन पिढ्यांचे कॅमेरे जिवंत ठेवले होते.

आत रोल आहे?

आमचा कॅमेरा विजेच्या आधीचा, कापडी पडद्यांचा निघाला. काकांनी तो कानाशी धरला, मग भिंग काढून टॉर्चने आत पाहिले. आरसा वर अडकलेला होता. म्हणून डोळा लावल्यावर काळोख. “दुसरा पडदा शेवटपर्यंत पोचलेला नाही,” ते म्हणाले. “दोन मिलिमीटरांचं भांडण आहे.” तो पडदा पार टोकाला टेकला, की आरसा खाली येतो आणि लिव्हरचे कुलूप सुटते. वंगण सुकल्याने पडदा टोकाच्या अलीकडे थांबला होता. मी लावलेला जोर त्या कुलपावर पडला होता. आणखी थोडा लावला असता तर दात तुटला असता.

रोलचा प्रश्न त्यांनी पहिला का विचारला होता, ते आता कळले. शटर बोटाने ढकलून सोडवणे सोपे होते, पण उजेडात मागचे झाकण उघडले असते तर तेवीस चौकटी जळाल्या असत्या. त्यांनी कॅमेरा काळ्या पिशवीत घातला, बाह्यांतून हात आत सारले आणि डोळे मिटून रोल काढून डबीत बंद केला. पडद्याचे काम त्यानंतर. “कॅमेरा दुसरा मिळतो,” एवढेच ते म्हणाले.

फिल्म धुऊन आली तेव्हा जुनेपणाने करडी पडली होती. तरी चौदा चौकटी वाचता येत होत्या. काकांनी निगेटिव्ह उजेडाच्या पेटीवर ठेवून मला ओळीने दाखवल्या. नवव्या चौकटीपासून एका कडेला फिल्म किंचित गडद होती. पुढच्या प्रत्येक चौकटीत तो पट्टा वाढत गेला होता. दुसरा पडदा टोकाशी रेंगाळू लागला, की तिथली फट रुंदावते आणि त्या कडेला जास्त उजेड पडतो. म्हणजे कॅमेरा एकाएकी अडला नव्हता. तो चौदा-पंधरा फोटोंपासून सांगत होता, पण सांगितलेले वाचायला फिल्म धुवावी लागते, आणि वडिलांचा रोल पुरा व्हायचा होता.

शेवटची चौकट आमच्या गिरगावातल्या गॅलरीची. आई स्टुलावर चढून आकाशकंदील टांगते आहे. फोटोत एका कडेचा बोटभर पट्टा पूर्ण पांढरा आहे. त्या जागी मी उभा होतो, असे आई सांगते.

कॅमेरा आता चालतो. आजच्या फोनमध्ये पडदे नाहीत, पाती नाहीत. खटक्याचा आवाजही स्पीकरमधून येतो, त्यामुळे तो अडत नाही आणि नकारही देत नाही. वडिलांच्या कॅमेऱ्यात मी नवा रोल भरला आहे. लिव्हर फिरवताना अंगठा कुठे जड पडतो का, तिकडे लक्ष ठेवून असतो.